पोत्याशी कुस्ती

"म्हणजे मी शिकवायला कमी पडलो, असं म्हणायचंय का तुम्हाला, वस्ताद?"

उत्तम गुरुजी तालमीच्या उंबऱ्यावर उभे होते. रविवारची सकाळ, आणि वस्तादांचा निरोप आला होता: असशील तसा ये.

हैबती वस्ताद कुस्तीच्या हौदातली लाल माती फावड्यानं उकरत होते. सत्तरी उलटून गेलेली, पण फावडं लयीत चाललं होतं.

"चप्पल काढ," ते म्हणाले. "मग भांड."

गुरुजींनी चप्पल काढली. राग तेवढा घालूनच आत आले.

याच तालमीत ते लहानाचे मोठे झाले. तालुक्याचं मैदान मारलं, मग शिकून गावच्याच शाळेत मास्तर म्हणून लागले. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. वस्ताद अजून उत्तमच म्हणत.

"शालन तुमच्यापुढं रडून गेली, कळलं मला. पण आपल्या पोरीचे प्रताप सांगितले का तिनं? रेवती चौथीत आहे, नऊ वर्षांची. वर्गात चाळीस मुलं. बाकीची पहिलं गणित उतरवून घेतात, तोवर हिची दहा झालेली असतात. मग खिडकीबाहेर बघत बसायचं. म्हणून मी तिला जादा गणितं द्यायला लागलो. दहाची वीस केली, विसाची पन्नास केली. एका पोरीसाठी एवढं जिवाचं रान कुठला मास्तर करतो?"

"जादा गणितं कसली?"

"गुणाकाराची."

"आन पयली दहा कसली हुती?"

"गुणाकाराचीच."

फावडं चालूच राहिलं.

"आणि तिनं माझे पांग कसे फेडले, ऐका. गेल्या सोमवारी पन्नासच्या पन्नास उत्तरं चूक! तीही साधी चूक नाहीत. प्रत्येक उत्तर एकानं जास्त. बारा साते पंच्याऐंशी. पंधरा आठे एकशे एकवीस. ओळीनं पन्नास! थट्टा लावलीय का माझी? तळपायाची आग मस्तकात गेली. भर वर्गात उभी केली तिला. तर मंगळवारपासून शाळेतच नाही. आईबरोबर शेतात भांगलायला जाते."

"का येत न्हाई म्हणं?"

"म्हणे, शाळेत गणितच नसतं!"

गुरुजींचा आवाज आढ्याला लागला. बाहेर अंगणात जोर काढणारे दोघंतिघं गडी थांबले.

वस्तादांनी फावडं टेकवलं. हात धोतराला पुसले. हनुमानाच्या तसबिरीमागून एक वही काढली आणि शेवटचं पान उघडून गुरुजींच्या पुढं धरलं.

पानभर पेन्सिलीचे ठिपके. बारा ठिपके तीन सारख्या रांगांत मांडलेले. पंधराही तीन रांगांत. अकरा मात्र एकाच लांब ओळीत. तेरा तसेच. सतरा, एकोणीस, तेवीस… पानाच्या कडेपर्यंत गेलेल्या एकेकट्या ओळी. खाली लिहिलेलं होतं:

गुरुजी, ज्यांच्या सारख्या रांगा होत नाहीत असे आकडे पुढं कुठं संपतात का?

त्याच्या खाली लाल शाई होती.

वहीची पाने वाया घालवू नयेत.

"शालनला वाचता येत न्हाई," वस्ताद म्हणाले. "तिनं मला वाचाया लावलं. पोरीचं वाचलं. मग तुजंबी वाचलं."

गुरुजींनी वही मिटली.

"अभ्यासक्रमात नाही ते. मी काय…"

"शर्ट काढ."

"काय?"

"हौदात उतर."

"वस्ताद, मी आता मास्तर आहे. लोक बघतायत."

"बघू देत की. उतर."

वस्तादांच्या शब्दापुढं या तालमीत आजवर कोणाचं चाललं नव्हतं. गुरुजींनी शर्ट खुंटीला अडकवला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बनियनवर हौदात उतरले.

कोपऱ्यात भुशानं भरलेलं एक पोतं होतं. नव्या पोरांना उचल शिकवायची ती त्याच्यावर. वस्तादांनी ते ओढत आणलं आणि मधोमध उभं केलं.

"पाड."

गुरुजींनी एका हिसक्यात पोतं उताणं केलं.

"शाबास," वस्ताद म्हणाले. "पुन्यांदा."

पुन्हा पाडलं.

"शाबास. पुन्यांदा."

पाचव्या वेळेला गुरुजींच्या नाकात भुसा गेला. आठव्याला शिंका आल्या. गडी आता दारात येऊन उभे होते.

"गुरुजी, जपून हां," एकजण म्हणाला. "लई मुरल्यालं पोतं हाय ते."

हशा पिकला. गुरुजींचे कान तापले.

"वस्ताद, बास झालं."

"दमलास व्हय?"

"दमतोय कुठला! यात दमण्यासारखं आहे काय?"

"मग पाड की. मी काय कमी देतोय का तुला? हवं तर आनखी एक पोतं आनतो."

बारा. तेरा. दरवेळी शाबास, अगदी एकाच सुरात. पोतं आपलं पडायचं आणि वस्ताद ते पुन्हा उभं करायचे. जोर लावायला समोर काही नव्हतं, डाव टाकायला काही नव्हतं. ज्या अंगानं तालुक्याचे गडी लोळवले, ते अंग भुशाशी झटत होतं, आणि गावातले लोक फिदीफिदी हसत होते.

सोळाव्या वेळेला गुरुजींचा तोल सुटला. त्यांनी पोत्याला मिठी मारली आणि सपशेल पाठीवर अंग टाकलं. पोतं छातीवर ओढून घेतलं.

"घ्या!" ते ओरडले. "जिंकलं पोतं! झालं तुमचं समाधान?"

दारातले गडी पोट धरून हसायला लागले.

वस्ताद हसले नाहीत. वाकून त्यांनी गुरुजींच्या तोंडाकडं पाहिलं.

"हरलास?"

"हरतोय कशाला? मुद्दाम पडलो मी!"

…

"मुद्दाम," वस्ताद म्हणाले.

…

दारातलं हसू विरत गेलं. गुरुजी तसेच पडून होते. पोतं छातीवर होतं, ते त्यांनी बाजूला सारलं नाही. कौलांतून आलेला उन्हाचा कवडसा मातीवर पडला होता, त्यात भुशाचे कण तरंगत होते.

मग ते बोलले. आवाज पार खाली आला होता.

"मग काय देऊ तिला? पुस्तक तिनं दिवाळीच्या आत संपवलंय."

वस्ताद मातीत सांडलेला भुसा वेचायला लागले.

"आणि तो प्रश्न… ते आकडे संपत नाहीत, असं कुठंतरी वाचलंय मी. का संपत नाहीत, ते मला येत नाही, वस्ताद."

"मग तसं सांगायचं तिला."

"चाळीस पोरांच्या देखत? गुरुजींना येत नाही म्हणून? उद्या कोण मान देईल मला?"

वस्तादांनी फावडं उचललं आणि मातीत असं हाणलं, की दांडा थरथरला. इतका वेळ दाबून धरलेला राग त्यांच्या आवाजात आला.

"मान! नऊ वर्साच्या लेकराला भुसा चारलास मानापायी? चौदाचा हुतास तू. हितं, ह्याच जागी, मला उताणा पाडलास. किती गडी बघत हुते रं तवा?"

गुरुजींना तो दिवस लख्ख आठवत होता.

सगळी तालीम बघत होती. आणि वस्ताद उठले होते ते थेट आठवड्याच्या बाजारात गेले होते, उघडे, पाठ लाल मातीनं माखलेली. भाजीवाल्यांपुढं, चहाच्या गाड्यापुढं, पारावरच्या म्हाताऱ्यांपुढं थांबत होते आणि गर्रकन वळून पाठ दाखवत होते. "बघा! उत्तम्यानं पाडलं मला!" लोकांना वाटलं, वस्तादांना वेड लागलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्यांनी उत्तमला तालुक्याला नेलं आणि तिथल्या मोठ्या वस्तादांच्या पायावर घातलं. म्हणाले, माझ्याजवळचं संपलं, ह्याला पुढचं तुम्ही द्या.

तालुक्याला आज हायस्कूल होतं. गणिताचे एक सर होते तिथं, त्यांची गुरुजींशी तोंडओळख होती. पण ती वही घेऊन त्यांच्याकडं जावं, हे आजवर मनात आलं नव्हतं. आलं असतं, तरी गेले असते का…

गुरुजींनी पोतं बाजूला केलं. उठले.

"ती वही द्या," ते म्हणाले.

वस्तादांनी वही दिली.

गुरुजींनी ती बनियनच्या माती न लागलेल्या बाजूनं, पोटाशी धरली. मग सवयीनं दुसरा हात पाठीकडं गेला, माती झटकायला. नजर खुंटीकडं गेली. खुंटीवर शर्ट नव्हता. तो वस्तादांच्या खांद्यावर होता.

वस्तादांनी त्यांचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे ती माती. शर्ट सांजच्याला ने. शालनचं घर वाटंतच हाय."