गोचिडांशी युद्ध

नदीकाठच्या एका रानात रानम्हशींचा कळप राहत असे. एक थोराड रेडा त्यांचा नायक होता. त्याच्या तोंडी सदा लढाईची भाषा. चरायला निघाला की म्हणे, "चला, गवतावर स्वारी!" शेपटीने माशी हाकलली की म्हणे, "शत्रू पळाला!" कळप माना डोलवी. मुलांनो, हसू नका. तुमच्या घरातही कोणी साध्या सर्दीशी युद्ध पुकारत असेल.

एका उन्हाळ्यात कळपाला रक्त पिणारे गोचीड लागले. एक लहान रेडकू तर कानापासून शेपटीपर्यंत भरले. रेडा गरजला, "युद्ध! रिंगण करा!" वाघ आला की म्हशी अंगाला अंग भिडवून, शिंगे बाहेर रोखून गोल उभ्या राहतात आणि रेडकांना मध्ये घेतात. तशाच त्या उभ्या राहिल्या. भिडलेल्या अंगांवरून गोचीड एकीकडून दुसरीकडे आरामात चालत गेले.

एक गायबगळा आला. "अहो नायक, हा वाघ नाही. पांगा, चिखलात लोळा. आम्ही पाठीवर बसून एकेक वेचून खातो. रोजचंच काम आहे आमचं."

"ऐन युद्धात पांगा म्हणतोस? फितुरा!" रेडा त्याच्यावर धावून गेला. बगळा उडाला.

रेडकाची आई कळवळली. "अहो, पोर उभं राहीना. चिखलात नेऊ द्या मला त्याला."

"जागा सोडायची नाही! वीराची आई तू, आणि रडतेस?"

ती रिंगणातच थांबली. रेडकू रिंगणाच्या मधोमध, सगळ्यांच्या पाठीमागे मेले.

रेडा म्हणाला, "वीरमरण आलं त्याला!"

आई गर्रकन वळली. "कसला वीर? अजून शिंगं फुटली नव्हती त्याला! मागे खरा वाघ आला तेव्हा मी तुमच्या शेजारीच उभी होते. त्या दिवशी तोंडातून शब्द निघाला नव्हता तुमच्या!"

ती चिखलात जाऊन बसली. बगळा तिच्या पाठीवर उतरला. एकेक करून सगळा कळप तिच्यामागे गेला. रेडा शिंगे रोखून एकटाच उभा राहिला. समोर कोणीच नव्हते. कानात गोचीड मात्र फुगत होते.

तात्पर्य : युद्ध हा मरणाचा शब्द आहे. तो उठल्यासुटल्या तोंडी घेणाऱ्याला साधे कामही सुचत नाही, आणि त्यापायी मरते ते दुसऱ्याचे पोर.