निळीचा भार

गाड्या एकमेकींशी बोलत त्या काळी एक निळी स्कूटर घाटातल्या धुक्यात बंद पडली. मालक वारल्यावर त्यांच्या पत्नी कुंदाताईंनी तिला आज पहिल्यांदाच बाहेर काढलं होतं. किका मारून त्या थकल्या. "नाही झालीस सुरू, तर भंगारात द्यावं लागेल गं तुला," त्या म्हणाल्या.

इतक्यात धुक्यातून तीन जुन्या स्कूटरी तरंगत आल्यासारख्या आल्या आणि मालकांसकट थांबल्या.

"काय गं निळे, रुसलीस?" पिवळीने विचारलं.

"बंद पडले की मालक मला एका अंगावर कलवायचे. दुसऱ्या कुणाच्या हातांनी कलावंसं वाटत नाही."

"माझा हा तिसरा मालक," पिवळी हळूच म्हणाली. "पहिला अजून आठवतो. पण वेडे, भंगारात गेलीस तर त्यांची आठवण कोण काढणार?"

पिवळीचा मालक पुढे आला. "ताई, गाडी जरा कलवा, म्हणजे पेट्रोल खाली उतरेल. आम्ही आहोत, पण हात तुमचेच लावा."

कुंदाताईंनी हँडल धरलं. निळी क्षणभर ताठ राहिली, मग तिने अंग सैल सोडलं. तिचा सगळा भार कुंदाताईंनी पेलला.

पुढच्याच किकेला घाटात चार स्कूटरींचा आवाज घुमला.