येसूची साथ

भक्तहो, दयाळभारती महाराज तेव्हा मांजरेकाठच्या केवडगावी, गोपाळकृष्णाच्या देवळात मुक्कामाला होते. महाराजांना भूक कमी आणि हसू जास्त. गावाचं नेमकं उलट.

जन्माष्टमीला देवापुढे कथक करण्याची सेवा सुगंधाच्या घराकडे, आईकडून लेकीकडे चालत आलेली. नेम एकच: पखवाजाच्या साथीशिवाय सेवा रुजू होत नसे, आणि एकदा चुकली की मान दुसऱ्या घरी जाई. यंदा सुगंधाच्या कडेवर तान्ही येसू होती.

पखवाज त्र्यंबकबुवांचा. बुवांचं ज्ञान मोठं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बुवा स्वतःच सांगत.

"बाळंतिणीला कसली साथ करायची?" बुवा गरजले. "आता घरी पाळणा हलव, बाई! मान माझ्या शिष्येला जाऊ दे."

असं म्हणून त्यांनी पखवाजाच्या डाव्या पुडीवरची कणीक खरवडून काढली. कणकेवाचून पखवाज घुमत नाही. मग बुवा गंमत बघायला खांबाशी टेकून बसले.

आईने जन्मभर सांभाळलेला मान आपल्या हातून जाणार! सुगंधाने महाराजांकडे पाहिलं.

"घुंगरू बांध, बाळ," महाराज म्हणाले.

येसूला महाराजांशेजारी दुपट्यावर निजवून ती यशोदा साकारायला उभी राहिली. रिकाम्या हातांत बाळकृष्ण घेतला, तोच येसूने टाहो फोडला. सुगंधाला पान्हा फुटला, चोळी भिजली. कुणीतरी फिस्सकन हसलं. ती थबकली, मग तिथेच देवापुढे बसून पदराआड लेकीला पाजू लागली.

"झाली सेवा!" बुवा म्हणाले.

"यशोदाच दाखवायची होती ना, बुवा?" महाराज म्हणाले. "मग आणखी काय राहिलं?"

येसूचं पोट भरलं. महाराजांनी तिला मांडीवर घेतलं आणि पखवाज जवळ ओढला. सुगंधाने पाऊल टाकलं मात्र, आणि काय सांगावं! इवल्याशा तळव्याची थाप त्या उघड्या पुडीवर पडली आणि मेघगर्जनेसारखा नाद गाभाऱ्यापर्यंत घुमला. आई गिरकी घेई, लेक ठेका धरी. सुगंधाचं भय कुठल्या कुठे पळालं. शेवटच्या चकरीला मायलेकी एकदमच समेवर आल्या!

"सेवा रुजू!" पुजारी ओरडले.

बुवा धावत आले. "महाराज, चुकलो! पाय द्या."

"माझे कशाला? मी नाचलो होय?"

बुवांनी वळून सुगंधाच्या घुंगरांवर मस्तक टेकवलं. तेवढ्यात येसूने महाराजांच्या मांडीवरून हात लांबवून बुवांची शेंडी मुठीत घट्ट धरली.

बुवांना बराच वेळ नम्र राहावं लागलं.