वावळ्याच्या पानातली वाट

खूप जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावीच, पण थोरांनीही ऐकावी, कारण यात चूक केली ती थोरांनीच.

एका राजवाड्यासमोर वावळ्याचं भलंमोठं झाड होतं. त्या घराण्यातली सगळी लग्नं त्याच्याच सावलीत लागत. राजकन्येचं लग्नही तिथंच ठरलं होतं, भर वैशाखात, दुपारच्या मुहूर्तावर.

लग्नाची जागा बघायला राजा झाडाखाली गेला आणि त्याचं डोकंच फिरलं. पानापानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा!

"पाहुणे काय म्हणतील? डागाळलेलं एकेक पान खुडून टाका," त्याने फर्मावलं.

माणसं शिड्या लावून कामाला लागली. बिनडागाचं पान शोधून सापडेना. फांद्याच्या फांद्या उघड्या पडू लागल्या, पण राजाला सांगणार कोण?

राजकन्येने खाली पडलेलं एक पान सहज उचललं, उन्हासमोर धरलं आणि ती ओरडलीच, "आबा, लवकर या! हा डाग चालतोय!"

राजाने वाकून पाहिलं. पानाच्या आत, वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांच्या मधोमध, एक इवलीशी अळी होती. हिरवा गर खात ती पुढे सरकत होती आणि मागे पांढरी रेघ उमटत होती. दोन्ही पापुद्रे मात्र शाबूत होते.

"अगं, पान ते केवढं पातळ! त्यात हिचं घर, हिचं जेवण, हिचा सगळा प्रवास?" राजा म्हणाला. डोंगर फोडून किल्ले बांधणारा तो राजा त्या पानापुढे हात जोडून उभा राहिला.

"आणि आबा, तिने रेघेपुरतंच खाल्लं हो. अख्खी पानं खुडली ती आपण."

राजाने काम तिथंच थांबवलं. पण तोवर अर्धं झाड बोडकं झालं होतं, आणि खुडलेली पानं राजाच्या हुकमानेही परत फांदीला लागत नाहीत.

लग्नाच्या दिवशी निम्मी सावली होती, निम्मं रणरणतं ऊन. राजाने पाहुण्यांना सावलीत बसवलं आणि स्वतः उन्हात उभा राहिला. घाम पुसून त्याने अक्षतांची मूठ उघडली, तर त्यातली एक कणी चमकली, हलली आणि भुर्रकन उडाली. रुपेरी पंखांचं, कणीएवढंच पाखरू होतं ते, पानातल्या अळीचं झालेलं.

राजा त्याच्याकडे बघतच राहिला. मंगलाष्टकं संपली, सगळ्यांच्या अक्षता पडल्या, राजाच्या तेवढ्या हातातच राहिल्या.

म्हणून सांगतो, दोष खुडायला हात घालण्याआधी तो एकदा उजेडासमोर धरून पाहावा.