मोड आलेले वाल

“बाई, ‘हिला शिकवता येणार नाही’ असं मी अहवालात लिहू का?”

हेमलतानं विचारलं, तेव्हा यमूबाई शाळेच्या पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. अलिबागजवळच्या त्या विशेष मुलांच्या शाळेत त्यांची तीस वर्षं गेली होती. हेमलता जळगावची. विशेष शिक्षणाच्या परीक्षेत पहिली आलेली. इथं येऊन तिला तीन महिने झाले होते.

“कुणाबद्दल म्हणतेस?”

“कस्तुरी. नऊ वर्षांची झाली, बोलत नाही, नजर देत नाही. चित्रं दाखवली, गाणी म्हटली, पुस्तकात होतं ते सगळं करून पाहिलं. माझ्याकडून काही कमी पडलेलं नाही, बाई.”

“हं... बस इथं. आज शिकवू नकोस. वाल सोल.”

“पण अहवाल...”

“मुलांना जेवायला उसळ लागेल.”

परातीच्या पलीकडे कस्तुरीच होती. मान खाली. भिजलेला दाणा दोन बोटांत धरायची, जरासा दाब द्यायची, की अख्खी डाळिंबी टपकन बाहेर.

हेमलतानं असं काही कधी केलंच नव्हतं. पहिला दाणा फुटला. दुसऱ्याचा चुरा झाला. दहावाही गेला... तिचे कान तापले. ती उठायला निघाली.

तेवढ्यात एक ओला हात तिच्या अंगठ्यावर आला.

कस्तुरीनं वर पाहिलं नाही. हेमलताचा अंगठा उचलून दाण्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. दाबला.

डाळिंबी अख्खी बाहेर आली.

हेमलतानं पुढचा दाणा घेतला. पुन्हा चुकली. पुन्हा तो हात आला. घाई नाही, राग नाही. पुन्हा चुकली... पुन्हा आला.

परात निम्मी झाली, तेव्हा कुठं हेमलताला एक दाणा आपला आपण जमला. तिचे डोळे भरून आले.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “हिला शिकवताना इतक्या वेळा चुकायचा धीर मला नव्हता...”

यमूबाई वाल सोलत राहिल्या.

कस्तुरीनं आपल्या पुढ्यातले मूठभर वाल उचलून हेमलतासमोर ठेवले. आणि एकदाच, ओझरतं, तिच्याकडे पाहिलं.

यमूबाई हसल्या.

“आता उठू नकोस. तिनं तुला ठेवून घेतलंय.”