खुंटीवरची मेणबत्ती

स्पेन देशातल्या एका डोंगरी गावात एलादियो नावाचा एक द्राक्षबागायतदार राहत होता. त्याची बाग पाहून परक्या माणसाला कीवच आली असती. जमीन सगळी दगडगोट्यांची. वेली आजोबांच्या हातच्या, त्यांचे बुंधे म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांसारखे गाठाळलेले. एकेका वेलीला मोजकेच घड यायचे, पण मणी असा रसरशीत की चिमटीत धरला तर बोटे जांभळी व्हावीत. त्या द्राक्षांची तांबडी वाईन दाट, काळपट आणि भारदस्त व्हायची. एक घोट घेतला की बडबड्या माणूसही थोडा वेळ गप्प बसायचा. आणि एवढे असून ती गवंड्याला परवडायची, मेंढपाळालाही परवडायची.

"भाव वाढव की जरा," लोक म्हणत.

"वेली आजोबांनी लावल्या. त्यांना पाणी लागत नाही, खत लागत नाही. मी नुसती छाटणी करतो," एलादियो म्हणे. "आजोबांच्या घामाचे पैसे मी कोणत्या तोंडानं मागू?"

त्याच्या शेजारी सिरिलोची बाग होती. सिरिलोकडेही एकेकाळी अशाच जुन्या वेली होत्या. पण त्याला घाई फार. त्याने त्या उपटून टाकल्या, तरुण वेली लावल्या आणि त्यांना भरपूर पाणी पाजले. घड लगडले खरे, वाईन मात्र पातळ झाली. महाग विकायला गेला तर कोणी घेईना. चूक आपली आहे हे मनातल्या मनात कबूल करणेसुद्धा काही माणसांच्या जिवावर येते. सिरिलो त्यातला होता. तो गावभर सांगत सुटला, "इतकी दाट वाईन इतक्या स्वस्तात? एलादियो तिच्यात रानातली काळी फळं मिसळतो. त्या फळांनी पाणीसुद्धा जांभळं होतं."

गाव आधी हसला, मग कुजबुजू लागला. वर्षानुवर्षे एलादियोची वाईन पिणारी माणसे पेला उजेडात धरून निरखू लागली. शेवटी गावच्या पंचांनी ठरवले, की उद्या सकाळी एलादियोच्या तळघरात जायचे आणि पिंपातला चोथा उपसून पाहायचा. काळी फळे सापडली, तर त्याने या गावात पुन्हा कधी वाईन विकायची नाही.

"खुशाल या," एलादियो म्हणाला. त्याची बायको कासिल्दा मात्र त्या दिवशी नीट जेवली नाही.

आता त्या गावातली एक रीत सांगायला हवी. तिथली वाईनची तळघरे डोंगराच्या पोटात खोदलेली असत. रस पिंपात फसफसू लागला की त्यातून एक जड वायू निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी साचावे तसा तो तळाशी साचतो आणि हळूहळू वर चढतो. त्यात शिरलेल्या माणसाला घेरी येते आणि तो तिथेच पडतो. म्हणून प्रत्येक तळघराच्या दाराशी खुंटीला एक मेणबत्ती टांगलेली असे. आत जाणाऱ्याने ती पेटवून गुडघ्याजवळ धरायची आणि ज्योत मिणमिणली की मागे फिरायचे. खुंटी रिकामी दिसली, की आत कोणीतरी आहे हे बाहेरच्यांना कळे. उशीर झाला तर ते हाक मारत. या रीतीने कितीतरी माणसे वाचली होती.

त्या दुपारी जेवणे उरकून सारा गाव झोपला होता. सिरिलो एलादियोच्या तळघराशी आला. त्याच्या मनगटाला एक पिशवी अडकवलेली होती, आणि पिशवीत तीच काळी फळे होती. उद्या पंचांना पिंपात फळे सापडायलाच हवीत, एवढा त्याचा बेत. त्याचा हात सवयीने मेणबत्तीकडे गेला आणि थांबला. खुंटी रिकामी दिसली तर जाणाऱ्या-येणाऱ्याला कळेल! त्याने मेणबत्ती तशीच ठेवली आणि चाचपडत अंधारात उतरला.

थोड्या वेळाने एलादियो आणि कासिल्दा पिंपावर तरंगणाऱ्या साली खाली ढकलायला आले. खुंटीवर मेणबत्ती होती, म्हणजे आत कोणी नव्हते. एलादियोने ती पेटवली आणि ते पायऱ्या उतरू लागले. निम्म्या वाटेवर ज्योत एकदम बारीक झाली.

"मागे फिर, वायू वर चढलाय," तो म्हणाला.

इतक्यात खालून कण्हण्याचा आवाज आला. एलादियोने मेणबत्ती क्षणभर उंच धरून पाहिले.

पिंपाला टेकवलेल्या शिडीवर सिरिलो अडकून पडला होता. एक हात पायरीत गुंतलेला, मान पिंपाच्या काठावर कलंडलेली. दुसऱ्या हाताला पिशवी लोंबत होती आणि तिच्या तोंडातून काळी फळे डोकावत होती. दोघांना सगळे कळले.

एलादियो पुढे झाला. कासिल्दाने त्याची कॉलर धरली. "तुझ्या काकाला काढायला तुझे वडील असेच उतरले होते. दोघंही वर आले नाहीत. विसरलास?"

तो विसरला नव्हता. "मग खालचं दार फोडू," तो म्हणाला.

तळघराच्या तळाशी, उताराच्या बाजूला, चोथा बाहेर टाकायचे एक बुटके दार होते. ते उघडले तर वायू उताराने वाहून गेला असता. पण त्या दाराला टेकूनच ते भरलेले पिंप उभे होते. पिंप फोडल्याशिवाय वाट मिळणार नव्हती.

कासिल्दाचा चेहरा उतरला. "त्यात आपलं अख्खं वर्ष आहे, एलादियो. आणि उद्या पंच येणार! आज पिंप फोडलंस तर लोक म्हणतील, लबाडी लपवायला सांडून टाकलं."

एलादियो काही संत नव्हता. त्याच्याही मनात ते येऊन गेले. मेणबत्ती पुन्हा खुंटीला टांगायची आणि घरी जायचे. सिरिलो आत आहे हे कोणालाच ठाऊक नाही. उद्या पंच येतील आणि त्यांना सिरिलो सापडेल, हाताला पिशवीसकट. वाईन वाचेल, नावही स्वच्छ होईल. त्यासाठी काहीच करायचे नव्हते, नुसते निघून जायचे होते.

त्याच्या हातातली ज्योत विझली.

"कुऱ्हाड!" एलादियो ओरडला.

 कासिल्दाच पळत जाऊन कुऱ्हाड घेऊन आली. वळसा घालून दोघे खालच्या दाराशी पोचले. दार दोन घावांत फुटले. मागे पिंपाच्या फळ्या होत्या. एलादियो घाव घालत राहिला. फट पडली, वाईनची धार त्याच्या तोंडावर उडाली. तो थांबला नाही. मग लोखंडी पट्टा सुटला, फळ्या उलगडल्या, आणि वर्षभराची वाईन एका लोंढ्याने दारातून बाहेर आली. शिडी पुढे कोसळली. त्या लोंढ्याबरोबर, सालींच्या ढिगावरून, सिरिलोही दारापर्यंत घसरत आला. एलादियोने श्वास रोखून त्याचे बखोट धरले आणि त्याला उघड्यावर ओढले.

कुऱ्हाडीच्या आवाजाने गाव जागा झाला होता. माणसे धावत आली. उतारावरून तांबडे ओहोळ चालले होते. फाटलेल्या पिशवीतली काळी फळे चोथ्यात विखुरली होती. म्हाताऱ्या मुख्य पंचाने वाकून एक फळ उचलले.

"हे काय आहे, एलादियो?"

एलादियो सिरिलोची पाठ चोळत होता. "आधी याला श्वास घेऊ द्या."

"मी तुला विचारतोय!"

"ती फळं यानंच—" कासिल्दा बोलू लागली.

"बेशुद्ध माणसावर ढकलणं सोपं असतं," गर्दीतून कोणीतरी म्हणाले. कासिल्दाच्या डोळ्यांत पाणी आले.

सिरिलोने डोळे उघडले. तो खोकला. समोर पंच उभा होता, त्याच्या हातात काळे फळ होते, आणि सारा गाव एलादियोकडे संशयाने पाहत होता. सिरिलोला हवे होते ते सगळे झाले होते. आता त्याने फक्त गप्प राहायचे होते.

त्याने एलादियोकडे पाहिले. "तुला पिशवी दिसली होती?"

"दिसली होती."

"पिंप फोडायच्या आधी?"

"आधीच."

"मग का फोडलंस?"

"पिशवीला श्वास लागत नाही," एलादियो म्हणाला. "तुला लागतो."

 सिरिलो भिंतीचा आधार घेऊन उभा राहिला. त्याचे केस, कपडे, हात, सगळे जांभळे झाले होते. "फळं माझी आहेत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "मी टाकायला आलो होतो. याच्या पिंपात द्राक्षांशिवाय कधीच काही नव्हतं."

पंचाच्या हातातून फळ गळून पडले. पेले उजेडात धरून पाहणाऱ्यांना माना वर करवेनात.

एलादियोकडे वाईन उरली नव्हती, म्हणून त्या वर्षी गावाने सिरिलोची पातळ वाईन एलादियोच्या स्वस्त भावात प्यायली आणि कोणी कुरकुर केली नाही. छाटणीच्या दिवसांत सिरिलो एलादियोच्या जुन्या वेलींत राबताना दिसू लागला. आणि कोणाच्याही तळघरात शिरताना, मग भर दुपार का असेना, तो आधी खुंटीवरची मेणबत्ती हातात घेतो.

तात्पर्य: गेलेले नाव परत मिळू शकते, गेलेला जीव मिळत नाही. दोन्ही एकदम संकटात सापडले तर आधी जीव वाचवावा, मग तो आपल्या वैऱ्याचा का असेना.