गुल्वेनने न उचललेली ओळ

फार वर्षांपूर्वी, केरमोरच्या चर्चमध्ये ऑर्गन यायच्याही आधी सुरू झालेली ही गोष्ट. केरमोर म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचं गाव. जमीन संपते आणि पुढे नुसता वारा उरतो, तिथलं. त्या गावात काटेल नावाची बाई राहायची. ओहोटी लागली की ती बायकांबरोबर खडकांवर जायची आणि दाताळ्याने समुद्राचं शेवाळ ओढायची. शेवाळ खत म्हणून शेतात जायचं, जळण म्हणून चुलीत जायचं, त्याचा वास मात्र कुठेच जायचा नाही. तो हातांनाच राहायचा.

बायका गात गात काम करायच्या, पण एकटीने गायची रीत नव्हती. एकीने ओळ म्हणायची, आणि शेवटचे दोन शब्द तिच्या तोंडात असतानाच दुसरीने ते उचलून पुढे न्यायचे. मध्ये श्वासाएवढीही फट पडू द्यायची नाही. न उचललेलं गाणं पाण्यावर लोंबकळत राहतं आणि समुद्राला ते सोसत नाही, असं म्हणतात.

काटेलचा नवरा बोटीबरोबर गेला तो गेलाच. मागे राहिला गुल्वेन, अंगावर पिणारा. काटेल त्याला टोपलीत घालून खडकांवर न्यायची. एकदा बाकीच्या बायका लांब होत्या, तिची ओळ संपत आली आणि उचलायला कोणी नाही. तेवढ्यात टोपलीतून आवाज आला. बोलता न येणाऱ्या पोराने ओळ उचलली होती, आणि तीही सुरात. समुद्रपक्षी उडायचे थांबून खाली बसले, असं म्हणतात.

पुढे गुल्वेन शाळेत गेला. शाळेत फ्रेंचच बोलायचं, घरची ब्रेटन भाषा तोंडातून काढायची नाही. ती बोलताना जो सापडेल त्याच्या गळ्यात दोरीने एक जुना लाकडी बूट अडकवत, आणि दुसरा कोणी सापडेपर्यंत तो तिथेच राही. गुल्वेन बोलला नव्हता, नुसता आईचं गाणं गुणगुणला होता. तरी बूट त्याच्या गळ्यात आला. पोरं हसली. घरी आल्यावर त्याला दिसलं, की आईच्या पायात तसलेच लाकडी बूट आहेत. त्या दिवसापासून तो आईच्या पायांकडे बघेनासा झाला.

मग तो पॅरिसला गेला, संगीत शिकला आणि मोठा रचनाकार झाला. केवढा मोठा? त्याच्या रचनेत पाऊस वाजला की श्रोते छत्र्या उघडायचे. भरती वाजली की पुढच्या रांगेतल्या बायका झगे वर धरायच्या, असं म्हणतात. या सगळ्या सुरावटी काटेलच्या होत्या. हे कुठून आणलंत, असं कोणी विचारलं की गुल्वेन म्हणायचा, "सुचलं."

पॅरिसमध्येच त्याने ओदीलशी लग्न केलं. ती संगीत विद्यालयाच्या मुख्य गुरुजींची मुलगी, बोलायला कमी, बघायला फार. त्याच सुमाराला केरमोरच्या चर्चमध्ये ऑर्गन आला, आणि तो पहिल्यांदा वाजवायला गावाने आपल्याच पोराला बोलावलं. गुल्वेन नव्या बायकोला आणि सासऱ्यांना घेऊन आला.

केरमोरची आणखी एक रीत होती. नवी सून पहिल्यांदा चर्चच्या दारात आली की सासूने तिच्या स्वागताची ओळ म्हणायची आणि मुलाने ती उचलायची. मगच सुनेने उंबरठा ओलांडायचा.

सगळं गाव दारात उभं होतं. काटेल पुढे आली. डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी, हात घासूनघासून लाल झालेले, आणि पायात तेच बूट. दगडी फरशीवर त्यांचा खटखट आवाज झाला. तिने ओळ म्हटली. शेवटच्या दोन शब्दांवर ती मुलाकडे वळली.

गुल्वेनला गळ्यात दोरी जाणवली. तोंड उघडेना.

सासऱ्यांनी विचारलं, "जावईबुवा, ही बाई कोण?"

गुल्वेन फ्रेंचमध्ये म्हणाला, "कोणी नाही. गावातली एक शेवाळवाली."

काटेलला फ्रेंच येत नव्हतं, असं म्हणतात. काहीजण म्हणतात, तेवढं एक वाक्य तिला समजलं. ती बाजूला झाली, पाहुण्यांना वाट दिली, आणि सगळ्यात मागे जाऊन बसली. गुल्वेनने ऑर्गन इतका सुंदर वाजवला की मेणबत्त्या विझेनात. पण तो खाली उतरला तेव्हा मागचा बाक रिकामा होता.

त्या दिवसापासून केरमोरची ओहोटी अर्ध्यावर थांबू लागली. पाणी मागे सरायचं, कोणाची तरी वाट बघितल्यासारखं घुटमळायचं आणि परत फिरायचं. शेवाळाचे खडक उघडे पडेनात. बायका दाताळी घेऊन काठावर बसून राहायच्या. शेतं रोडावली, चुली थंडावल्या. काटेल बोलायची, चालायची, पण गाणं तिच्या गळ्यातून गेलं ते गेलंच.

तिकडे पॅरिसमध्ये गुल्वेन जे लिही त्याची शेवटची ओळ कागदावर टिकेना. शाई वाळायची आणि फुंकर मारल्यासारखी उडून जायची. वादक तिथवर येऊन थांबायचे. लोकांना वाटलं, ही काहीतरी नवीन तऱ्हा आहे. असं अधांतरी सोडायला केवढं धैर्य लागतं, म्हणून टाळ्या पडायच्या. टाळ्या पडल्या की गुल्वेनचे कान तापायचे. तो जितका शरमेने मान खाली घाली, तितके लोक म्हणत, बघा, किती विनयशील माणूस!

एका सकाळी न्याहारीच्या टेबलावर ओदीलने विचारलं, "ती तुमची आई होती ना?"

गुल्वेन पावाला लोणी लावत राहिला.

"नाक तुमचंच होतं," ओदील म्हणाली. "मी काही विचारलं नाही. म्हटलं, आपणहून सांगाल. पण त्यांनी माझ्यासाठी गाणं म्हटलं आणि तुम्ही ते दारातच टाकलंत. म्हणजे मी अजून उंबरठ्यावरच आहे. पाय दुखायला लागले माझे."

ती सामान बांधायला उठली. गुल्वेनने सुरी खाली ठेवली आणि तोही तिच्यामागे उठला.

ते केरमोरला पोचले तेव्हा अर्धी ओहोटी लागून थांबली होती. काटेल काठावर बसली होती, म्हातारी, दाताळ्यावर हनुवटी टेकून. गुल्वेनने वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवून आणली होती. काटेलने वर बघितलं आणि म्हणाली, "आलास? जेवलास का?"

जुळवलेल्या वाक्यांतलं एकही उपयोगाचं राहिलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई," तो म्हणाला, "तुझी ओळ उचलायला आलोय. म्हण."

काटेलने ओठ हलवले. आवाज आला नाही. तिने गळ्याला हात लावून मान हलवली.

मग गुल्वेनने तिचीच ओळ म्हटली, सगळ्या गावासमोर, घरच्या भाषेत. पॅरिसचे बूट चिखलात रुतलेले, आवाज चिरकलेला. शेवटच्या दोन शब्दांवर तो आईकडे वळला. ती नुसती बघत राहिली. कोणी उचललं नाही. त्या दिवशी दारात आपण आईला कुठे उभं केलं होतं, ते त्याला तेव्हा कळलं.

आणि मागून एका बाईने ती ओळ उचलली. उच्चार चुकलेले, सूर घसरलेला. ओदील होती. एकदाच ऐकलेलं गाणं तिने जसंच्या तसं लक्षात ठेवलं होतं, फक्त म्हणता येत नव्हतं. बायका फिसकन हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पुढची ओळ धरली. पाणी सरसर मागे गेलं. जुने काळे खडक उघडे पडले.

"सून बेसूर आहे," काटेल म्हणाली. "पण उचललं तिने."

त्यानंतर काटेल थोडेच दिवस होती. गुल्वेन गावातच राहिला, ऑर्गन वाजवत राहिला. पॅरिसहून बोलावणी यायची, तो जायचा नाही. लोकांनी त्याला माफ केलं, ओदीलने केलं. आईने तर कधी दोषच दिला नव्हता. त्याने स्वतःला मात्र नाही, असं म्हणतात. त्याने एकच रचना आणखी लिहिली आणि तिची शेवटची ओळ आपणहून कोरी ठेवली. का, असं विचारलं तर म्हणाला, "ती मी उचलली नाही. ती माझी नाही."

अजूनही केरमोरच्या जत्रेला ती रचना ऑर्गनवर वाजते आणि शेवटापाशी थांबते. बाहेरून आलेले पाहुणे टाळ्या वाजवतात. गाव त्यांना वाजवू देतं. मग टाळ्या थांबल्या की गाव सोडून गेलेली पण जत्रेला परतलेली लेकरं आणि त्या वर्षी घरात आलेल्या सुना उरलेली ओळ म्हणतात. सुना बेसूर असतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. लेकरांपैकी एखाद्याचं तोंड उघडत नाही. त्यालाही कोणी रागावत नाही. मागच्या बाकावरून त्याची आई उठते, खटखट करत पुढे येते, आणि जेवलास का, एवढंच विचारते. मग तो गातो.